स्वभाव : शांत, मनमिळाऊ

लग्नाच्या बायोडाटात उंची, रक्तगट, पगार आणि अपेक्षा यांच्या मध्ये कुठेतरी ‘स्वभाव’ असा एक रकाना असतो आणि त्यात बहुतेक वेळा दोनच शब्द असतात : शांत, मनमिळाऊ. उंची मोजता येते, रक्तगट तपासता येतो, पगाराची स्लिप मागता येते. या दोन शब्दांचे काय करायचे? माणसाला असा काही कायमचा स्वभाव असतो का, हा पहिला प्रश्न. असला, तर त्यावरून तो उद्या कसा वागेल हे सांगता येते का, हा दुसरा. व्यक्तिमत्त्वाच्या मानसशास्त्रात गेल्या शतकातले सर्वांत मोठे भांडण याच दोन प्रश्नांवर झाले. ते मी इथे दोन कल्पित माणसांच्या तोंडी घालतो आहे. एक मामा, बँकेतून निवृत्त झालेले, सध्या मुलीसाठी स्थळे पाहणारे. दुसरी त्यांची भाची, मानसशास्त्रात एम. ए. करणारी. दोघांपैकी कुणाचेच म्हणणे मला पुरते पटत नाही, त्यामुळे मध्ये मध्ये मी तोंड घालणार आहे.

मामा : अगं, हा रकाना कोरा असेल तर मी कागदच बाजूला ठेवतो. कर्ज देताना आम्ही तारण बघायचो, उत्पन्न बघायचो, जामीनदार बघायचो, पण शेवटी प्रश्न एकच उरायचा, माणूस कसा आहे? आपल्या म्हणी काय उगाच आहेत? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. सुंभ जळतो, पीळ जात नाही. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगितली, पढतमूर्खाची निराळी सांगितली, रज, तम, सत्त्व यांची आणखी निराळी. माणसं मुळात वेगवेगळ्या घडणीची नसती, तर एवढ्या याद्या कशाला केल्या असत्या?

भाची : याद्या आमच्याही शास्त्रानं केल्यात, मामा. गाल्टननं १८८४ मध्ये समानार्थी शब्दांचा कोश चाळून स्वभाव सांगणारे हजारेक शब्द मोजले होते. पण भाषेत शब्द आहे म्हणून जगात वस्तू असतेच असं नाही ना? ‘हडळ’ हाही शब्दच आहे.

भाचीचा टोला चांगला आहे, पण त्यामुळे यादीचे मोल कमी होत नाही. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोघांनी वेबस्टरचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश पालथा घातला आणि माणसामाणसांतला फरक सांगणारे १७,९५३ शब्द वेचून काढले. त्यातले साडेचार हजारांच्या आसपास शब्द टिकाऊ स्वभावाचे होते. पुढच्या संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला : लोक एखाद्याला ‘बोलका’ म्हणतात तेव्हा त्यालाच ‘उत्साही’ही म्हणतात का? असे जोडीने येणारे शब्द एकत्र बांधत गेले, की हजारोंचे ढीग काही थोड्या गठ्ठ्यांवर येतात. रेमंड कॅटेलचे सोळा गठ्ठे झाले. अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना १९६१ मध्ये पाच सापडले, आणि पुढे वेगवेगळ्या नमुन्यांत पुन्हा पुन्हा पाचच्या आसपास सापडत राहिले. बहिर्मुखता, सलोख्याची वृत्ती, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थैर्य आणि नव्याची ओढ असे ते पाच. यांत कुणी ‘या प्रकारचा’ किंवा ‘त्या प्रकारचा’ नसतो. उंचीसारखीच प्रत्येक गुणाची पट्टी असते आणि बहुतेक माणसे मधल्या भागात गर्दी करून असतात. गंमत अशी की आपला ‘मनमिळाऊ’ हा शब्द यातल्या दोन पट्ट्या एकत्र करतो : चारचौघांत पटकन मिसळणे आणि कुणाशी न भांडणे. पहिले असून दुसरे नसलेली माणसे लग्नाच्या हॉलमध्ये फार लोकप्रिय असतात. घरच्यांचे मत वेगळे असू शकते.

भाची : पट्ट्या मोजता येतात हे मी मान्य करते. पण मोजून हाती काय लागतं ते बघ. १९२८ साली हार्टशोर्न आणि मे या दोघांनी शाळेतल्या हजारो मुलांचा प्रामाणिकपणा तपासला. परीक्षेत कॉपी करायची संधी दिली, खेळात लबाडी करायची संधी दिली, समोर ठेवलेले पैसे उचलायची संधी दिली. परीक्षेत लबाडी करणारा मुलगा पैसे उचलतोच असं काही दिसलं नाही. मग १९६८ मध्ये वॉल्टर मिशेलनं असा सगळा पुरावा एका पुस्तकात गोळा केला. एका प्रसंगातलं वागणं आणि दुसऱ्या प्रसंगातलं वागणं, किंवा चाचणीतले गुण आणि प्रत्यक्ष वागणं, यांचा सहसंबंध साधारण ०.३०च्या पुढे जात नाही, असं त्यानं दाखवलं. शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे तंतोतंत. तुझा सगळा स्वभाव तो ०.३०!

मामा : आकडे काय, कसेही मांडता येतात. प्रसंग दाखव.

भाची : दाखवते. १९७३ मध्ये छापून आलेला प्रिन्स्टनचा प्रयोग आहे, डार्ली आणि बॅटसन यांचा. मुलं कोण, तर धर्मोपदेशक व्हायला निघालेले चाळीस विद्यार्थी. त्यांना सांगितलं, शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं. निम्म्यांचा विषय होता बायबलमधला शोमरोन्याचा दाखला, म्हणजे रस्त्यात पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्याची गोष्ट. वाटेत एका दारात एक माणूस खोकत, कण्हत वाकून बसवलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. थोडी घाई होती त्यांच्यातले ४५ टक्के. आणि ‘तुला उशीर झालाय, पळ’ असं सांगितलेल्यांतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय काय आहे यानं लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. धार्मिकतेच्या प्रश्नावलीवरून कोण थांबेल हेही सांगता आलं नाही. सांगितलं ते घड्याळानं. आता बोल, दयाळू कोण?

मामा : त्या दिवशी उशीर झालेला मुलगा निर्दय ठरला, एवढंच तू सांगितलंस. शितावरून भाताची परीक्षा करतात हे मला ठाऊक आहे, पण एक शीत वरचं, तेही झाकण न ठेवलेल्या पातेल्यातलं, ते कच्चं निघालं म्हणून तू सगळा भात ओतून देतेस. तोच मुलगा महिनाभर बघ. शंभर वेळा बघ.

मामांना माहीत नसेल, पण सीमोर एपस्टाइनने १९७९ मध्ये नेमके हेच केले. त्याने विद्यार्थ्यांच्या भावना आणि वागणुकीच्या रोजच्या नोंदी आठवडेच्या आठवडे घेतल्या. एका दिवसाची दुसऱ्या एका दिवसाशी तुलना केली, तर नाते मिशेल म्हणतो तसेच किरकोळ. पण विषम तारखांची सरासरी एकीकडे आणि सम तारखांची दुसरीकडे ठेवली, की अनेक बाबतींत सहसंबंध ०.८०च्या आसपास जातो. माणूस तोच, नोंदी त्याच, फरक फक्त किती शिते चाचपली याचा. क्रिकेटमध्ये हे आपल्याला शिकवावे लागत नाही. सचिन तेंडुलकरची कसोटीतली सरासरी ५३.७८ आहे आणि तो चौदा वेळा शून्यावर बाद झाला आहे. त्या चौदा डावांवरून कुणी त्याला फलंदाजी येत नाही असे म्हणत नाही, आणि सरासरी पाहून पुढच्या डावात चोपन्न धावा होतील अशी पैजही लावत नाही. रॉबर्ट एबल्सन या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये बेसबॉलचा असाच हिशेब केला. एखाद्या वेळी फलंदाज फटका मारतो की बाद होतो, यातल्या चढउताराचा जेमतेम एक तृतीयांश टक्का त्याच्या कौशल्याने समजतो. मोसमभराचा निकाल मात्र त्याच कौशल्यावर ठरतो. दिसायला नगण्य असलेला आकडा वारंवारतेने किती मोठा होतो, हे भाचीने ०.३० उच्चारताना गिळून टाकले.

तिच्या युक्तिवादात आणखी एक फट आहे. स्वभावाचा वाटा थोडा म्हणजे उरलेला सगळा प्रसंगाचा, असे तिने गृहीत धरले. पण प्रसंगाचा वाटा तिने मोजला कुठे? डेव्हिड फंडर आणि डॅनियल ओझर यांनी १९८३ मध्ये प्रसंगाची ताकद दाखवणारे गाजलेले प्रयोग घेतले, त्यात घाईतल्या विद्यार्थ्यांचा हा प्रयोग होता आणि स्टॅनले मिलग्रॅमचा आज्ञापालनाचाही, आणि त्यांचे निकाल त्याच सहसंबंधाच्या मापात बदलून पाहिले. ते ०.४०च्या आसपास निघाले. म्हणजे ज्या प्रयोगांनी स्वभावाला मोडीत काढले, त्यांतले प्रसंग स्वभावापेक्षा काही फार बलवान नव्हते. आकड्याचा साधा अर्थ असा : नाणे उडवून अंदाज केला तर शंभरात पन्नास बरोबर येतात; ०.३० असेल तर साधारण पासष्ट, ०.४० असेल तर सत्तर. माणसाचे वागणे कुठल्याही एका दोरीने ओढले जात नाही.

भाची : बरं, मानलं. पण मग तुझाच नियम तुला लावते. तू त्या मुलाला किती वेळा भेटणार? कांदेपोह्यांच्या वेळी पाऊण तास. इस्त्रीचा शर्ट, शेजारी आई, समोर तू. म्हणजे झाकण नसलेल्या पातेल्यातलं एकच शीत. वर पत्रिका. छत्तीस गुणांतले सहा गुण तू गणाला देतोस, देव, मनुष्य की राक्षस.

मामा : पत्रिकेत स्वभावाचं वर्णन असं उतरलेलं असतं की वाचताना अंगावर काटा येतो. आमच्या बाबतीत तर शब्दन्‌ शब्द खरा.

भाची : तो कुणाच्याही बाबतीत खराच असतो. बर्ट्राम फोररनं १९४८ मध्ये वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि आठवड्यानं प्रत्येकाला ‘तुझा अहवाल’ म्हणून एक कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कागद सगळ्यांना एकच होता, आणि त्यातली वाक्यं बाजारातल्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती.

इथे भाचीशी वाद नाही. फक्त एक भर : हा काटा पत्रिका वाचतानाच येतो असे नाही. कंपन्यांच्या प्रशिक्षणात चार इंग्रजी अक्षरांचा शिक्का देणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी घेतल्यावरही तो येतो. तिचे मूळ मानसशास्त्रज्ञ युंगच्या १९२१च्या पुस्तकात आहे. ती पट्टीच्या मधोमध रेघ मारते आणि रेघेच्या अलीकडच्या-पलीकडच्या, जवळजवळ सारख्या असलेल्या, दोन माणसांना दोन वेगळ्या जातींत टाकते. तीन गण काय आणि सोळा प्रकार काय, चूक एकाच घराण्यातली. फरक इतकाच की एकाला दक्षिणा देतात आणि दुसऱ्याला जीएसटीसह फी.

मामा : मग तुझं म्हणणं काय, रकाना खोडून टाकू? तसंही लग्न झालं, जबाबदारी पडली, की पोरं सुधारतात.

भाची : आत्ताच म्हणालास, खोड मेल्याशिवाय जात नाही!

मामांची ही दोन्ही वाक्ये आपल्या घरांत एकाच दिवशी ऐकू येतात, स्थळ नाकारायचे असेल तर पहिले आणि रेटायचे असेल तर दुसरे. पुरावा दोहोंच्या मध्ये आहे. ब्रेंट रॉबर्ट्स आणि वेंडी डेल्व्हेकिओ यांनी २००० मध्ये, माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारे १५२ अभ्यास एकत्र पाहिले. ओळीत कोण पुढे आणि कोण मागे, हा क्रम किती टिकतो, हे त्यांनी शोधले. बालपणी तो फारसा टिकत नाही, सहसंबंध ०.३१, कॉलेजच्या वयात ०.५४, तिशीच्या सुमारास ०.६४, पन्नाशी ते सत्तरीत ०.७४. म्हणजे खोड पाळण्यात लागलेली नसते, ती वयानुसार घट्ट होत जाते, पण कुठल्याही वयात एकला पोहोचत नाही. दुसरीकडे, रॉबर्ट्सनेच सहकाऱ्यांबरोबर २००६ मध्ये दाखवले की विशीपासून चाळिशीपर्यंत लोकांची कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य सरासरीने वाढत जाते. पोरे खरोखरच सुधारतात, मात्र बहुतेक सगळीच थोडी थोडी, जवळपास बरोबरीने. त्यामुळे वर्गातला सगळ्यांत निष्काळजी मुलगा चाळिशीत पूर्वीपेक्षा जबाबदार झालेला असतो आणि बहुधा तरीही आपल्या मित्रांतल्या निष्काळजी मंडळींतच असतो. अक्षता पडल्या की तो ओळीत मागून पुढे येईल, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

आता माझे म्हणणे. मामा आणि भाची दोघेही एक गोष्ट धरून चालले आहेत, की ‘शांत’ म्हणजे सगळीकडे शांत. मामा म्हणतात असा माणूस असतो, भाची म्हणते नसतो. स्वतः मिशेल पुढे या कोंडीतून बाहेर पडला, आणि तेही युइची शोडाच्या सोबतीने, मुलांच्या एका उन्हाळी शिबिरात बसून. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या या शिबिरात वागणुकीच्या तक्रारी असलेली मुले येत. त्यांतल्या प्रत्येक मुलाच्या तासन्‌तास नोंदी घेतल्या गेल्या, पण नुसत्या ‘आज किती वेळा चिडला’ अशा नव्हेत. सोबत्याने चिडवल्यावर किती, सोबती आपणहून बोलायला आल्यावर किती, मोठ्यांनी शाबासकी दिल्यावर, ताकीद दिल्यावर, शिक्षा केल्यावर किती, असे प्रसंग वेगळे काढले. दोन मुलांच्या चिडण्याची बेरीज सारखी असली, तरी एक जण सोबत्याने खोडी काढली की उसळे आणि मोठ्यांपुढे गप्प बसे. दुसरा सोबत्यांचे काहीही सहन करी, पण मोठ्यांनी ताकीद दिली की त्याचा तोल जाई. आणि हा ज्याचा त्याचा नमुना पुन्हा पुन्हा तसाच दिसत राही. भाची ज्याला विसंगती म्हणत होती, तीच त्या मुलाची सुसंगती होती. सरासरीत ती विरघळून जाते. एकट्या प्रसंगात ती दिसतच नाही. ‘असे झाले, की तो असा वागतो’ अशा जोड्यांची मालिका म्हणजे स्वभाव, अशी व्याख्या केली तर पट्टीही राहते आणि प्रसंगही राहतो.

यावर आक्षेप येईल की ही व्याख्या फार सैल झाली. प्रत्येक माणसाच्या शेकडो जोड्या असतील, तर शास्त्र कसले आणि मोजायचे काय? आक्षेप खरा आहे. पाच पट्ट्या म्हणूनच टिकून आहेत : त्या थोड्या आहेत, स्वस्त आहेत आणि लाखो लोकांवर लावता येतात. रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ताळा केला, तेव्हा मृत्यू, घटस्फोट आणि नोकरीतली मजल या तिन्हींच्या भाकितात या गुणांचे वजन घरच्या सांपत्तिक स्थितीच्या आणि बुद्धिमत्तेच्या तोडीचे भरले. विमा कंपनीला किंवा सैन्यभरतीला पट्टी पुरते. एका माणसाबरोबर एका घरात राहायचे असेल, तर जोड्या लागतात. प्रश्न कुणाचा आहे यावर उत्तर किती बारीक हवे ते ठरते. आणि जोड्यांत बोलणे आपल्याला परकेही नाही. जोन मिलरने १९८४ मध्ये शिकागो आणि म्हैसूरमधल्या लोकांना ओळखीच्यांच्या वागण्याची कारणे विचारली. शिकागोचे प्रौढ जास्त करून स्वभाव सांगत, म्हैसूरचे प्रौढ जास्त करून परिस्थिती आणि नाती सांगत. आठ वर्षांच्या मुलांत मात्र हा फरक जवळपास नव्हता, तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे ‘त्याच्यावर त्या वेळी कर्ज होतं, म्हणून तो तसा बोलला’ हे आपण शिकत शिकत मोठे होतो, आणि बायोडाटा लिहिताना नेमके विसरतो.

मामा : एवढं ऐकलं. आता सांग, मी करू काय? मुलालाच विचारू का, तू कधी तापतोस?

भाची : त्याला नको. तुझी जुनी पद्धत बरी आहे, ती चौकशीची.

मामा : मागास म्हणत होतीस ना तिला?

भाची : म्हणत होते. पण १९३०च्या दशकात अमेरिकेत लोवेल केलीनं लग्न ठरलेल्या तीनशे जोडप्यांची माहिती गोळा केली, आणि त्यांचा स्वभाव त्यांना नाही, त्यांच्या ओळखीच्यांना विचारला. १९८०पर्यंत पाठपुरावा झाला. बावीस जोडप्यांचं लग्नाआधीच मोडलं. लग्न झालेल्या २७८पैकी पन्नास जोडप्यांचा घटस्फोट झाला. संसार टिकणं आणि सुखाचा होणं याच्याशी सगळ्यात जास्त जोडलेल्या निघाल्या तीन गोष्टी : नवऱ्याचं भावनिक अस्थैर्य, बायकोचं भावनिक अस्थैर्य आणि नवऱ्याचा स्वतःवरचा ताबा. लग्नाआधी ओळखीच्यांनी जे सांगितलं, त्यात पुढचं बरंच काही होतं. सगळं नव्हतं.

मामा : बघ! ओळखीचे चार जण म्हणजे चार पातेल्यांतली शितं.

भाची : हो, पण ‘मुलगा कसा आहे’ असं विचारशील तर चौघंही ‘चांगला आहे’ म्हणतील. ऑफिसातल्याला विचार, काम अंगावर आलं की काय करतो? खोलीवर बरोबर राहिलेल्याला विचार, पैसे उसने दिले-घेतले तेव्हा कसा होता? आजारी पडतो तेव्हा? हरतो तेव्हा? आणि हे सगळं त्यांनीही आपल्याबद्दल विचारायला हवं. तीन गोष्टींतली एक बायकोकडची आहे. ताईच्या बायोडाटात ‘स्वभाव’ म्हणून काय लिहिलंयस तू?

मामा : शांत, मनमिळाऊ.

भाची : आणि ती तापते कधी?

मामा : येतो म्हणून सांगून कुणी आलं नाही की. नुसता उशीर झाला तर काही नाही, पण फोनसुद्धा केला नाही की दोन दिवस बोलत नाही. तिच्या आईला कुणी चारचौघांत टोकलं की. भूक लागलेली असताना तिला काही विचारायचं नाही, दूध उतू गेलं तरी विचारायचं नाही. हिशेब चुकला तर मात्र हसते. मी रागावलो की गप्प होते, आणि मग रात्री उशिरा चहा करून आणते, तेव्हा काही बोलायचं नसतं, नुसता प्यायचा असतो...